अकरा परस

धुळ्याच्या देवपुरातल्या मुलींच्या शाळेत भिकुबाई बीजगणित शिकवायच्या. फळ्यावर उभा अक्ष काढायची वेळ आली की त्या जमिनीवर टेकायच्या. पदर खोचून, एक गुडघा सारवलेल्या जमिनीला लावून, फळ्याच्या अगदी खालच्या कडेवर खडू ठेवायच्या. तिथं तो थोडा वेळ तसाच राहायचा. मग खडू वर चढायला लागायचा आणि त्याच्याबरोबर बाईही उठत जायच्या, टाचा उंचावून, हात पुरेल तिथवर. मुली पदराआड हसायच्या. एखादी धीट मुलगी म्हणायची, "बाई, वरून खाली ओढली तर वाकायला नको."

"वाकायचं असतं," बाई म्हणायच्या.

रागाने नाही आणि प्रेमानेही नाही. त्यांचा आवाज उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा होता. पाणी कुठून गेलं त्याची खूण दिसायची, पाणी नसायचं. सत्तेचाळीस सालच्या ऑगस्टात शाळेत पेढे वाटले, मुलींनी दारात फुलं बांधली, हेडबाईंचे डोळे भरून आले. भिकुबाईंनी पेढा खाल्ला, हात धुतले आणि घंटा झाल्यावर वर्गात जाऊन सरळ रेषेचं समीकरण कालच्या ठिकाणापासून पुढं चालू केलं. अशा बाईला लोक दगड म्हणतात. धुळ्यातही म्हणत. दगडाला ते ऐकू यायचं.

भिकू हे नाव मागून घेतलेलं. तिच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून आईने हिला जन्मताच शेजारणीच्या पदरात टाकलं आणि मूठभर ज्वारी देऊन परत मागून घेतलं. मरणाने फसावं एवढ्यासाठी. मरण फसलं. ते तिला सोडून तिच्या आसपासच्या माणसांकडे गेलं.

पांझरेच्या वरच्या अंगाला, धुळ्यापासून गाडीवाटेने अर्ध्या दिवसावर तिचं सासर. सासरे हिलाल नाना, नवरा वना, धाकटा दीर चुडामण. नदीचं पाणी खालच्या शेतांना मिळे. नानांचं शेत टेकाडावर, म्हणून कोरडं. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वनाने तिथं विहीर खणायला घेतली.

विहिरीची खोली परसात मोजतात. एक परस म्हणजे एक उभा माणूस. दोराला परसा-परसाला गाठ मारलेली असते. हा दोर भिकूच्या हातात असायचा. दिवसाचं काम संपलं की ती काठावर उभी राहून दोर खाली सोडायची, गाठी मोजायची आणि आकडा ओरडून सांगायची. काठ म्हणजे शून्य, आणि शून्यावर ती. तिथून खाली जाईल तसा आकडा वाढायचा. जास्त म्हणजे खाली. गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

"कितला व्हयनात?" वना खालून विचारायचा.

"सात!"

"पानी दखास का?"

"दखास ना! तुना कपायवर!"

खालून हसण्याचा आवाज वर येताना मोठा होत यायचा. "हास, हास," तो खालून म्हणायचा. "पानी लागनं का पहिली ओंजळ तुलेच पाजसू."

अकराव्या परसाला काळा खडक लागला. वनाने तीन भोकं पाडली, तिन्हींत दारू ठासली, वाती पेटवून वर आला. दोन सुरुंग उडाले. तिसरा उडाला नाही. वनाने तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली. तरी तिसरा गप्पच. वात विझली असेल असं म्हणून तो दोराला धरून खाली उतरला. दोराचं एक टोक रहाटाला आणि मधला भाग भिकूच्या मुठीत. त्याचा भार तिला हातात कळत होता. मग तिसरा सुरुंग उडाला. दोर हातात हलका झाला.

भिकू रडली नाही. बायांनी तिला रडवायचा खूप प्रयत्न केला. रडली नाही तर वेड लागेल म्हणाल्या. एकीने गालात मारलं. भिकूने मार घेतला आणि पुढच्या माराची वाट बघत उभी राहिली. नंतर कुणी मारलं नाही.

शेतकऱ्यांच्या घरात विधवेचा पाट लावतात, दुसरा संसार मांडून देतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. वर्ष सरल्यावर नानांनी चुडामणचं नाव काढलं. चुडामण भला पोरगा होता. भिकूला त्याच्याबद्दल बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. पण पाट लागला की रोज भाकरी घेऊन त्या शेतात जायचं, आणि शेताची वाट विहिरीच्या काठावरून. या एका गोष्टीपाशी तिचे पाय थांबत. बाकी कशापाशी काही थांबत नव्हतं आणि काही चालतही नव्हतं.

तिचा भाऊ अभिमन धुळ्यात जिनिंगात कामाला होता आणि देवपुरात राहायचा. तो येऊन नानांना म्हणाला, "पोर चौथी शिकेल शे. पुढे शिकाडतो. मास्तरीण झाली तर तुमचंच नाव."

नाना बराच वेळ खाटेच्या सुंभाशी चाळा करत बसले. मग सुनेला म्हणाले, "शिक माय. मास्तरीन व्हयनी ते तठेच ऱ्हाय. नही व्हयनी, ते त्या सालनी आखाजीले मी तुले लेवाले येसू. मंग नही म्हनू नको."

ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. गाडीत बसली.

देवपुरात ती सातवी झाली आणि शिक्षिकांच्या ट्रेनिंगला बसली. बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि बीजगणितात गेली. आणखी एक संधी होती, चैत्रातली. ती हुकली की वैशाखात आखाजी, अक्षय्य तृतीया, आलीच.

म्हणून अभिमनच्या ओळखीने शालिग्राम मास्तर दर रविवारी दुपारी ओट्यावर येऊ लागले. ते हायस्कुलात गणित शिकवायचे. बारीक अंगाचे, कोटाला खडूची पांढरी भुकटी लागलेली. परका पुरुष आणि तरुण विधवा, तेव्हा भावजय वच्छलाबाई सुपात गहू घेऊन मधे बसायची. गहू निवडून झाले तर निवडलेलेच पुन्हा निवडायची.

"सरळ रेषेला दोन ठिकाणं पुरतात," मास्तर म्हणायचे. "दोन बिंदू कळले की रेष कळली. ती कुठून आली, कुठं जाणार, सगळं तिच्या समीकरणात असतं. आता ही आकृती बघा. रेष उभ्या अक्षाला कुठं छेदते?"

आकृतीत रेष आडव्या अक्षाच्या वर, एकापाशी छेदत होती. तिथून दोन घरं उजवीकडे गेलं की ती पाचाच्या उंचीवर पोचत होती.

"उणे एकाला," भिकू म्हणाली.

"बरं. आणि चढ?"

"उणे दोन."

"म्हणजे समीकरण?"

"य बरोबर उणे दोन क्ष, उणे एक."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "भिकुबाई, रेष वर चाललीय. दिसतेय ना?"

"दिसते."

"वर म्हणजे अधिक."

"हो."

दुसरी आकृती, तिसरी आकृती. प्रत्येक वेळी ती हो म्हणायची आणि प्रत्येक वेळी पुन्हा तसंच. पाटीवर तिने स्वतः रेष काढली तर तीही पुस्तकातल्या रेषेच्या नेमकी उलट. वर जाणारी खाली, खाली जाणारी वर. आकडे कधी चुकत नसत. चिन्हं सगळी उलटी.

वच्छलाबाईने सूप थांबवून पाटीत डोकावलं. "काय वं भिकू, तुन्या बठ्ठ्या रेघा उतारवरच पळतस? मना बैलेस्ले बी उतार इतला आवडत नही."

मास्तर हसले. भिकूही हसायची जागा ओळखून ओठ हलवून मोकळी झाली.

"मला एक कळत नाही," जाताना मास्तर म्हणाले. "चुकणारा माणूस एखाद्या वेळी चुकून तरी बरोबर येतो. तुम्ही तेही येत नाही. म्हणजे तुमच्या मनात काहीतरी पक्कं आहे. ते काय आहे ते आधी शोधा. नाहीतर चैत्रातही हेच होईल."

चैत्राचं नाव निघालं तेव्हा भिकूच्या डोळ्यांसमोर शेताची वाट आली. वाट आली आणि काठापाशी येऊन थांबली.

फैजपूरला काँग्रेस भरली तो हिवाळा. अभिमन ती बघायला गेला होता. घरात दोघी नणंद-भावजय. दुपारी हिलाल नाना दारात उभे राहिले. आखाजीला अजून कितीतरी अवकाश होता. वच्छलाबाईने त्यांना पाणी दिलं, बसायला पाट दिला आणि ते कशाला आले असतील या धास्तीने चुलीपुढे जाऊन बसली. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"तुले लेवाले नही ऊनू," नाना आधीच म्हणाले. "भिऊ नको. येक गोट इचारनी शे."

भिकू खांबाला टेकून उभी होती.

"हीर पुन्हा खंदनी शे. चुडामण मना मागे लागना. खंदनारा सुका आनि तेना लोके लायेल शेतस. पन त्या खाले उतरतस नही. म्हंतस, खाले आजून सुरुंग व्हई. मातीखाले दबेल व्हई." नानांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "मी सांगं, नही शे. त्या म्हंतस, जेना हातमा दोर व्हता तेना तोंडे आयकाडा."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"कितला भरेल व्हतात, माय?"

"तीन."

"तिन्ही उडनात?"

"दोन आधी उडनात."

"आनि तिसरा?"

"तिसरामाच ग्यात त्या."

हे नानांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी ते कुणी कुणाला शब्दात सांगितलं नव्हतं. खाली उतरणाऱ्या माणसांच्या जिवासाठी आता ते तोंडाने म्हणावं लागलं.

"मंग खाले काही नही."

"काही नही."

"खोल कितली व्हती ती? गाळ किती काढना ते समजाले पाहिजे."

"अकरा परस."

हा आकडा तिने त्या दिवशी ओरडून सांगितला होता. त्यानंतर कधीच नाही. आता तो साध्या आवाजात बाहेर आला, ओट्यावर पडला आणि तिथंच राहिला. नाना उठले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मग तो खांबावरच ठेवला.

पुढच्या रविवारी मास्तर आले तेव्हा वच्छलाबाईने त्यांना दारातच गाठून हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. मास्तर ओट्यावर बसले. पुस्तक उघडलं नाही. पाटीवर दोन अक्ष काढले आणि पाटी तिच्याकडे सरकवली.

"शून्य कुठं आहे?"

तिने दोन रेघा जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथं बोट ठेवलं.

"ते पुस्तकातलं. तुमचं कुठं आहे?"

भिकूने बोट उचललं नाही. "काठावर," ती म्हणाली.

"आणि अधिक?"

"खाली."

मास्तरांनी मान हलवली. ते कुणाला समजावतात तसे बोलले नाहीत. स्वतःशी हिशोब लावतात तसे बोलले. "मग तुमच्या मांडणीत तुमचं एकही उत्तर चुकलेलं नाही. शून्य म्हणजे कुणी रोवलेला शिवेचा दगड नव्हे. ते सोयीने ठेवायचं असतं. पण परीक्षक तुमच्या काठावर उभा नाही, भिकुबाई. त्याला खालून वर वाढलेलं दिसतं."

"मग तो कुठं उभा आहे?"

इतक्या रविवारांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मास्तर त्या भरात पाटीच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, "तळाशी समजा." म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते त्यांना कळलं. बोट मागे आलं. वच्छलाबाईच्या सुपातले गहू थांबले.

भिकूने ओल्या फडक्याने पाटी पुसली. काठ पुसला. पाटीच्या अगदी खाली शून्य काढलं आणि त्याच्याकडे बघत बसली.

तिथं वना उभा होता. अकरा परस खाली, अकरा माणसं एकावर एक उभी करावी एवढ्या खोल. तिथून वर बघितलं तर काठ भाकरीएवढा, पांढरा. त्या पांढऱ्यात एक काळं डोकं, खाली वाकलेलं. हातात दोर. ती बाई कोण ते ओळखायला भिकूला जरा वेळ लागला. इतकी वर्षं ती तिथून खाली बघत होती. खालून आपण कशा दिसतो ते तिने कधी बघितलं नव्हतं. लहान दिसत होतो आणि काही करू शकण्यासारखे दिसत नव्हतो.

खालून सगळं वरच होतं. खडक वर, दोर वर, उजेड वर. तळाच्याही खाली काही असेल तर ते उणे. तिथं, लागलंच तर, पाणी.

"आकृती दाखवा," ती म्हणाली.

मास्तरांनी पहिलीच आकृती उघडली.

"छेद एक. चढ दोन."

"समीकरण?"

"य बरोबर दोन क्ष, अधिक एक."

"बरोबर," मास्तर म्हणाले. वच्छलाबाई सूप तिथंच टाकून आत गेली. आतून तिचं नाक ओढणं ऐकू येत राहिलं. भिकूने दुसरी आकृती सोडवली, मग तिसरी. बोटं गार पडली होती, एवढंच. बाकी काही झालं नाही.

जवळची वाट तिला सापडली नाही. मास्तरांनी एकदा सुचवलं, "आता सवय झाली असेल तर शेवटी नुसती चिन्हं बदलली तरी चालेल." तिला ते जमलं नाही. दर गणिताला खाली उतरावं लागे, तळावर उभं राहून वर बघावं लागे, वर ती बाई दिसावी लागे, तेव्हा चिन्ह बरोबर यायचं. चैत्रात परीक्षेच्या दिवशी ती अशी किती वेळा उतरली आणि वर आली ते शेजारच्या बाकावरच्या मुलींना कळलं नाही. त्यांनी एवढंच बघितलं की ही बाई दर प्रश्नाआधी क्षणभर मान वर करून छताकडे बघते. देवाचं नाव घेत असेल, त्यांना वाटलं.

ती पास झाली. अभिमनने गल्लीत गूळ वाटला. मास्तर भेटायला आले, उभ्या उभ्या चहा पिऊन म्हणाले, "मी शिकवलं नाही काही," आणि खरोखरच तसं वाटत असल्यासारखे लवकर निघून गेले.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना गाडी घेऊन आले. भिकूने पासाचा कागद पुढं केला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून बघितला आणि परत दिला.

"माले ठाऊक शे. अभिमननं निरोप धाडेल व्हता," ते म्हणाले. "तू तठेच ऱ्हाय असं मी बोलेल शे. चुडामणनं मी दुसरीकडे जमाडं."

"मंग गाडी कसाले?"

"हीरले पानी लागनं."

भिकूने कागदाची घडी घातली.

"सकाय आखाजी. वनानी घागर भरनी शे. दर साल गावनं पानी भरतस. औंदा..." गाडीच्या दांडीवरचा बैलाचा केस उचलून नानांनी फेकून दिला. "तू नही ऊनी तरी चालई. मी फक्त सांगाले ऊनू."

आखाजीला खानदेशात गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि त्याच सकाळी घरात कोपऱ्यात एक पाण्याने भरलेली घागर असते, तोंडावर खरबूज ठेवलेली. हसणारे आणि गेलेले एकाच दिवशी घरी येतात. वच्छलाबाई घाबरून भिकूकडे बघत होती. भिकूने पातळ बदललं आणि गाडीत बसली.

सकाळी ती नानांच्या मागून शेताच्या वाटेला लागली. वाट काठापाशी आली. काठावर नवीन दगड बांधले होते, रहाट नवा होता, दोरही नवा. पण गाठी परसा-परसाला होत्याच. झरा बारीक होता. उन्हाळ्याने पाणी अजून वर चढलं नव्हतं. चुडामण दूर आंब्याखाली उभा राहिला, जवळ आला नाही. भिकूने घागर दगडावर ठेवली, बादली दोराला बांधली आणि खाली सोडली.

गाठी हातातून जाऊ लागल्या. तिने मोजल्या नाहीत, हाताने मोजल्या. अकरावी गाठ बोटांखालून गेली आणि हात थांबला नाही. आणखी एक. आणखी एक. आणखी दोन उभी माणसं. त्याने आणखी एवढंच खणायचं होतं. मग खालून बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आला आणि दोर जड झाला.

ती ओढू लागली. आता खालून. उणे दोन. उणे एक. शून्यापाशी तिचे हात जरा सावकाश झाले, जसे वाटेत भेटलेल्या माणसाला वाट देताना होतात. मग एक, दोन, तीन, आणि अकरावर ती स्वतः उभी होती, बादली तिच्या हातात.

तिने घागर काठोकाठ भरली. बादलीच्या तळाशी थोडं उरलं. ते तिने ओंजळीत घेतलं.

"कसं शे?" नानांनी विचारलं.

पाण्याला खडकाची आणि थोडी गंजाची चव होती.

"थंड शे," ती म्हणाली, आणि उरलेलं पिऊन घेतलं.

घागर तिनेच डोक्यावर घेऊन घरी नेली आणि कोपऱ्यात ठेवली. गावभर झोक्यांवर पोरींची गाणी चालली होती. दुसऱ्या दिवशी नानांनी गाडी जुंपून तिला देवपुरात सोडलं. पाऊस सुरू झाल्यावर शाळा भरली. पहिल्या तासाला भिकुबाई वर्गात गेल्या, पदर खोचून फळ्यापुढे टेकल्या आणि खडू तळाशी ठेवला.